गाडग्यातलं बी

आमच्या जुन्या घराच्या माजघरात बळद होतं. आताच्या पोरांना बळद म्हणजे काय ते सांगावं लागतं. दोन भिंतींच्या मधे पोकळी ठेवायची, वरून धान्य ओतायचं, खालच्या भोकाला चिंध्यांचा बोळा आणि त्यावर शेणामातीचं लिंपण. लागेल तेव्हा बोळा काढायचा, पाटी भरून घ्यायची आणि परत लिंपायचं. त्या बळदाशेजारी सात गाडग्यांची उतरंड होती. तळाचं मोठं गाडगं पिवळ्या ज्वारीच्या बियाण्याचं. वरच्या सहांत तूर, अंबाडी, तीळ, हुलगा, मटकी आणि राळा. खायचं धान्य बळदात, पेरायचं उतरंडीत. दोन्हींची सरमिसळ कधी होत नसे आणि उतरंडीला आज्जीशिवाय कुणी हात लावत नसे.

आमचं गाव बार्शीच्या पूर्वेला, बालाघाटाच्या डोंगराखाली. खालच्या अंगाला काळी जमीन, वर माळाकडं मुरमाड. काळीत रब्बीची मालदांडी आणि दगडी ज्वारी, बाकीच्या रानात खरिपाची पिवळी. ही पिवळी दहा-दहा फूट वाढायची. आत माणूस शिरला तर दिसायचा नाही.

आज्जीला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण बियाण्याचं तिचं शास्त्र पक्कं होतं. काढणीच्या आधी आठ दिवस ती एकटी रानात जायची. जुन्या लुगड्याच्या चिंध्या कमरेला खोचलेल्या असायच्या. शेताच्या मधोमध जाऊन सरळ ताटाचं, भरगच्च, काणी नसलेलं कणीस बघायची आणि त्याला चिंधी बांधायची. मी एकदा विचारलं, "आज्जे, बांधाच्या कडंला एवढी मोठी कणसं हायती, ती का नाही घेत?"

"कडंचं घेऊ नाही लेकरा. शेजारच्या रानाचं वारं लागतंय त्याला."

पुढं कृषी खात्याच्या शिबिरात साहेबांनी सांगितलं, की ज्वारीत बहुतेक दाणा स्वतःच्याच परागावर धरतो, पण थोडा पराग वाऱ्यानं शेजारून येतो. बी शुद्ध ठेवायचं तर कडेचं घेऊ नये. मला आज्जीची चिंधी आठवली.

चिंधीची कणसं खळ्यात बैलांच्या पायाखाली जात नसत. आज्जी ती अंगणात हातानं बडवायची, चार उन्हं द्यायची, दाणा दाताखाली धरून कट्ट आवाज येतो का बघायची. मग गाडग्यात गोवरीची राख, लिंबाचा वाळलेला पाला आणि बी असे थर. तोंडाला कापड, वर शेणामातीचं झाकण. ते ओलं असताना हातातली बांगडी त्यावर दाबायची. चार ठिकाणी चार गोल ठसे उठायचे. कुणी गाडगं उघडून परत लिंपलं तर तिला लगेच कळावं, म्हणून.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. आदल्या साली पाऊस कमीच झाला होता, त्या साली तर मृगापासून हस्तापर्यंत आभाळ कोरडं गेलं. दिवाळीच्या आत बळद रिकामं झालं. आण्णा आणि बाई दोघं पाझर तलावाच्या कामावर जायला लागले. बाई खडी फोडायची. हाताला चिंध्या गुंडाळून फोडायची, तरी संध्याकाळी भाकरी थापताना बोटं आखडलेली असायची. कामावर सुकडी मिळायची. ती लेकरांसाठी पदरात बांधून आणायची. रेशनवर मिलो यायचा, अमेरिकेतली लाल ज्वारी. तिची भाकरी थापायला जमत नव्हती, घशाखाली उतरत नव्हती, आणि तीसुद्धा पोटभर नव्हती. घरात आठ माणसं.

एका रात्री धाकटा भाऊ भुकेनं रडायचा थांबेना. बाई उठली आणि उतरंडीपाशी गेली. वरची गाडगी एकेक खाली ठेवली. आज्जी अंधारात बसूनच होती. म्हणाली, "हात लावू नको."

बाई म्हणाली, "पोरगं मरायला लागलंय, आणि बी राखून कुणाला ठेवायचंय?"

आज्जी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आज शिजवलंस तर चार दिवस जातील. पाचव्या दिवशी काय? आन् पुढल्या मिरगाला काय पेरायचं? सावकाराच्या दारात उभं राहायचं?"

सावकाराच्या दारात उभं राहणं म्हणजे काय, ते बाईला सांगायला नको होतं. पेरणीला बी उसनं घेतलं तर सुगीला सवाईनं नाहीतर दिढीनं फेडावं लागायचं. मणाला सव्वा मण, नाहीतर दीड मण. एकदा त्या चक्रात सापडलेल्या घरांच्या जमिनी कुठं गेल्या, हे गावाला माहीत होतं. बाईनं गाडगी परत रचली. त्या रात्री मला आज्जीचा राग आला होता. खोटं कशाला सांगू, पुढं कित्येक वर्षं तो राग माझ्या मनात होता.

धाकटा वाचला. १९७३च्या जूनमधे पाऊस आला आणि आज्जीनं गाडग्याचं झाकण फोडलं. चारी ठसे शाबूत होते. पण खरी गोष्ट पुढंच आहे. आमच्या पेरणीपुरतं बी तिनं काढलं आणि उरलेलं अंगणात सुपात घेऊन बसली. गल्लीतल्या पाच घरांत खायचं बी संपलेलं, पेरायचं बी संपलेलं. पाची घरांना तिनं पायलीनं मोजून दिलं. सवाई नाही, दिढी नाही. फक्त एक बोली: सुगीला पायलीला पायली आणि वर एक मूठ. ती मूठ उंदरा-पाखराची, म्हणायची. आण्णा चिडले. "आपल्यालाच पुरंना आन् तू गावाला वाटतीस!" आज्जी म्हणाली, "आपलं बुडालं तर कुणाकडं मागायचं? त्यांच्याकडं आसलं तरच मागता यील."

त्याच श्रावणात आत्या पंचमीला माहेरी आली. तिचं सासर येरमाळ्याच्या पलीकडं. जाताना आज्जीनं तिच्या पदरात पिवळ्या ज्वारीचं गाठोडं बांधलं. पेरणी होऊन गेली होती, तरी दिलं. मला ते तेव्हा काही विशेष वाटलं नाही. माहेरहून परतणाऱ्या लेकीला बी देणं ही रीतच होती.

आता हायब्रीडची गोष्ट. ज्वारीचं पहिलं संकरित वाण सीएसएच-१ हे १९६४ साली आलं. देशात धान्य कमी, परदेशातून जहाजं भरून आणावं लागत होतं. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी १९६५ साली पुण्यात शनिवारवाड्यावर भर सभेत शब्द दिला होता, की दोन वर्षांत महाराष्ट्र अन्नधान्यात स्वयंपूर्ण झाला नाही तर मला फाशी द्या. त्या काळची निकड ज्यानं बघितली नाही त्यानं हायब्रीडला शिव्या देऊ नयेत. मिलोसाठी रांगेत मी उभा राहिलोय. आमच्या गावात बागाईतदारांनी ते आधी केलं, आमच्यासारख्यांपर्यंत यायला बारा-तेरा वर्षं लागली.

ते आमच्या घरात मीच आणलं. १९७६ साली मी दहावी झालो. गल्लीतला पहिला. पुढं शिकायला पैसे नव्हते, पण दहावीचा ताठा होता. पुढच्या वर्षी मी आण्णांच्या मागं लागलो. पिवळी एकरी चार-पाच पोती द्यायची, हायब्रीड दहा-बारा. हा हिशोब मी वहीवर मांडून दाखवला. आण्णांना पटला. आज्जीनं एवढंच विचारलं, "ताट केवढं वाढतं?" मी म्हणालो, "कमरंच्या वर, छातीला लागंल. बुटकं आसतं म्हणून तर लोळत नाही." ती काही बोलली नाही.

पहिल्या वर्षी खरंच दहा पोती झाली. मी गावात मान वर करून फिरलो. दुसऱ्या वर्षी पैसे वाचवायला घरचंच हायब्रीडचं बी पेरलं, तर शेतात कुठं बुटकं, कुठं उंच, कुठं नुसतं वांझ. संकरित बियाण्याचा गुण पुढच्या पिढीत फुटून जातो, हे मला तेव्हा कळलं. दरसाल पिशवी विकत घ्यायची. तिसऱ्या वर्षी कणसं भरली आणि हस्ताचा पाऊस आला. पिवळी उशिरा निसवायची, पाऊस गेल्यावर भरायची. हायब्रीड लवकर तयार होतं, त्यामुळं भरलेलं कणीस पावसात सापडलं. दाणे काळे पडले, बुरशी आली. त्या काळ्या ज्वारीच्या भाकरी वर्षभर खाल्ल्या.

पण आज्जीच्या प्रश्नाचा अर्थ कळायला मला याहून जास्त वर्षं लागली. तिनं दाण्याचं विचारलं नव्हतं, ताटाचं विचारलं होतं. पिवळीचा कडबा दहा फुटांचा, गोड. चार बैल, दोन गाई आणि वासरं त्यावर उन्हाळा काढायची. हायब्रीडचा कडबा निम्मा आणि गुरं तो नीट खात नसत. कडबा विकत घ्यायची ऐपत नव्हती, म्हणून आधी गाई गेल्या, मग एक बैलजोडी. १९८६च्या टंचाईत दुसरी जोडीही बाजारात नेली. गुरं गेली तसा उकिरडा गेला. आमच्याकडं दरसाल चैत्रात वीस-पंचवीस गाड्या शेणखत रानात पडायचं, ते बंद झालं. त्याच्या जागी युरियाची पोती आली. पीक हिरवंगार दिसायचं, पण ढेकूळ विटेसारखं व्हायला लागलं. पहिल्या पावसाचं पाणी मुरायचं नाही, माती घेऊन ओढ्याला जायचं. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगरावरचा पालापाचोळा आणि खत पावसाबरोबर शेतात मुरावं म्हणून बांध घालायला सांगितलंय. आमच्या पिढीनं बांध कोरून अर्धा तास रान वाढवलं आणि वरची माती घालवली.

पिवळीबरोबर तिच्या पोटातलं पीकही गेलं. तिफणीच्या मागं बायका मोघण धरायच्या. सात-आठ ओळींनंतर एक ओळ तुरीची, तिच्यात अंबाडी, तीळ, मटकी, हुलगा मिसळलेला. पुरुषांचं लक्ष ज्वारीकडं, पण वर्षाचं कालवण त्या एका ओळीवर चालायचं. हायब्रीड सलग पेरलं. पुढं सोयाबीन आलं, त्यात तणनाशक आलं. मग तांदुळजा, पाथरी, घोळ, कुर्डूसुद्धा दिसेनात.

आज्जी १९८३ साली गेली. तेराव्यानंतर मी उतरंड उतरवली. तळाच्या गाडग्यावर बांगडीचे चार ठसे तसेच होते. आम्ही पिवळी पेरणं बंद केल्यावर शेवटचं बी तिनं भरून ठेवलेलं. कुणाला न सांगता पाच वर्षं राखलेलं. मला फार वाईट वाटलं. पुढच्या मृगात मी दोन गुंठ्यांत ते पेरलं. आठ दिवस वाट बघितली, बारा दिवस बघितली. एकही कोंब वर आला नाही. उकरून बघितलं तर दाणे पोकळ. बाकीच्या सहा गाडग्यांतही किडे आणि पीठ. दुष्काळात आठ जणांच्या भुकेपासून आज्जीनं जे वाचवलं होतं, ते मी दहा पोत्यांच्या आनंदात मारून टाकलं होतं. गाडग्यातलं बी काही वर्षांत एकदा मातीत गेलंच पाहिजे, आणि आज्जीच्या हातात रान राहिलं नव्हतं.

त्यानंतर तीस वर्षं मी सगळ्यांसारखी शेती केली. चांगली वर्षं आली, वाईट आली. २०१२ साली पाऊस कमी झाला. माझ्या रानापेक्षा शेजारच्या, अजून दावणीला गुरं असलेल्या घराचं पीक आठ-दहा दिवस जास्त तग धरून राहिलं. पाऊस दोघांना सारखाच होता. फरक मातीत होता. माती तपासून घेतली, सेंद्रिय कर्ब अर्ध्या टक्क्याच्या बराच खाली.

पुढच्या उन्हाळ्यात एका लग्नासाठी आत्याच्या गावी गेलो. आत्या ऐंशीच्या घरात. तिच्या स्वयंपाकघरात बसलो होतो. वर बघितलं, तर आढ्याला चुलीच्या धुरात काळपट झालेल्या कणसांची जुडी टांगलेली. दाणा पिवळा. मी उठून उभा राहिलो.

"आत्या, ही कुठली?"

"कुठली म्हंजी? तुझ्या आज्जीची. बहात्तरच्या दुष्काळानंतर दिलती न्हवं का गाठुड्यात."

तिच्या घरानंही हायब्रीड केलं होतं, सोयाबीन केलं होतं. पण नागपंचमीला लाह्या लागतात, आणि हायब्रीडची लाही नीट फुटत नाही, असं तिचं म्हणणं. म्हणून ती दरसाल गोठ्यामागं दोन वाफे पिवळी लावायची. चाळीस वर्षं. बियाणं जतन करावं असं तिच्या मनातही नव्हतं. तिला लाह्या पाहिजे होत्या. आमच्या घरी ठसा मारून ठेवलेलं बी मेलं आणि पदरात बांधून दिलेलं जगलं.

आत्यानं चार कणसं दिली. "सुगीला पायलीला पायली," म्हणाली आणि हसली.

त्या मृगात मी एकट्यानंच एक गुंठा लावला. आमच्या शिवारात सगळीकडं सोयाबीन आणि मधे माझी एवढीशी ज्वारी. दाणा दुधात आल्यावर चार गावची पाखरं तिथं जमली. गोफण घेऊन बसलो, डबे वाजवले, कणसांना फडकी बांधली. तरी हाती आलं ते शेरभर. पूर्वी अख्ख्या शिवारात ज्वारी असायची, पाखरांनी खाल्लेलं सगळ्यांत वाटलं जायचं. एकट्यानं लावलं की एकट्याचंच खातात. आज्जीनं पाच घरांना का वाटलं, याचं आणखी एक कारण मला त्या पाखरांनी सांगितलं.

दुसऱ्या वर्षी मी अकरा घरं गोळा केली. गावालगत विहिरीजवळ माझे वीस गुंठे आहेत, ते सगळ्यांनी मिळून करायचे ठरलं. बहुतेक बायकाच पुढं आल्या. कुंपणाला शेवगा आणि हादगा. आत प्रत्येक घराचे वाफे, मधे सामाईक ज्वारीचा पट्टा, त्यात मोघण पूर्वीसारखं. धसकटं वेचून जाळायची नाहीत. सोयाबीनचं भुसकट, तुरीचा पाला सगळा वाफ्यांवर पसरायचा. सगळं गोड झालं असं नाही. पाण्याच्या पाळीवरून दोन घरं भांडून बाहेर पडली, एक परत आलं. एका वर्षी शेजारच्या रानातलं तणनाशक वाऱ्यानं आलं आणि अंबाडी, भोपळे जळाले. पण चौथ्या वर्षी पावसाळ्यात खुरपं घातलं तर माती रवाळ निघाली, तिच्यात गांडुळं होती. तसला मातीचा वास मला लहानपणानंतर पहिल्यांदा आला.

पुण्याहून एक शिकलेला मुलगा बघायला आला. म्हणाला, "काका, हे तर पर्माकल्चर आहे." त्यानंच सांगितलं, ऑस्ट्रेलियातल्या बिल मॉलिसन आणि डेव्हिड होमग्रेन यांनी १९७०च्या दशकात हा शब्द काढला. कायम टिकणारी शेती, असा त्याचा अर्थ. शब्द चांगला आहे. मला त्याचं वावडं नाही. आमच्याकडं त्याला शब्दच नव्हता, म्हणून ते जाताना कुणाला कळलं नाही.

त्या मुलाच्या नादानं मी झहीराबादजवळ पस्तापूरला जाऊन आलो. तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या बायका आहेत, बहुतेक दलित आणि अल्पभूधारक. त्या एका रानात वीस-वीस पिकं घेतात आणि बी एकमेकींना उसनं देतात. संक्रांतीपासून बैलगाड्यांत बियाण्यांची गाडगी सजवून गावोगाव जत्रा नेतात. गाडीवरची उतरंड बघून मला घरची आठवण झाली. आपल्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांना बियाण्यांच्या कामासाठी २०२०चा पद्मश्री जाहीर झाला, तेव्हा आमच्या बायकांनी टीव्हीसमोर टाळ्या वाजवल्या. २००१च्या कायद्यानं शेतकऱ्याला आपलं बी राखायचा, पेरायचा, वाटायचा, बदलायचा आणि विकायचाही हक्क दिलेला आहे. फक्त संरक्षित वाणाचं बी छाप मारून विकता येत नाही. हक्क कागदावर आहे. पण ज्याच्याकडं बीच नाही त्यानं काय वाटायचं?

आमचा एक नियम आहे. कुठलंही बी एका घरात ठेवायचं नाही. तीन घरांत ठेवायचं, आणि त्यातलं एक घर दुसऱ्या गावचं. कुणाची लेक सासरी निघाली की तिच्या पिशवीत पुडी जाते. पोरी हसतात, पण नेतात. आत्याची पायली फेडायला मी दोन वर्षांनी गेलो तेव्हा ती नव्हती. तिच्या सुनेनं पदर पुढं केला. पायली ओतली आणि वर एक मूठ टाकली.

आज्जीवरचा राग कधीच गेला आहे. बाईचं त्या रात्रीचं विचारणंही मला चुकीचं वाटत नाही. दोघी खऱ्या होत्या. माझा पोरगा विचारतो, एकरी किती निघतं? हायब्रीडपेक्षा कमीच निघतं, मी त्याला खोटं सांगत नाही. मोठ्या रानात मी अजून सोयाबीन करतो. कर्ज आहे, करावं लागतं.

सात गाडग्यांपैकी पिवळी आली. हुलगा आणि अंबाडी दुसऱ्या गावांतून मिळाली. ती आमचीच का, सांगता येत नाही. आमची तूर, तीळ, मटकी आणि राळा अजून सापडला नाही. तुमच्या घरात कुणी म्हातारं माणूस असेल तर त्याला विचारा. आढ्याला, माळ्यावर, कोनाड्यात एखादी जुडी, एखादी पुडी असेल. सापडली तर येत्या मृगात तिच्यातले चार दाणे पेरा आणि चार दाणे शेजाऱ्याला द्या. आम्हालाही कळवा. पायलीला पायली आणि वर एक मूठ, ही बोली आम्ही पाळतो.